अकरा नंबरची काच

३ मार्च

चि. बबडीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. गोचीड चावून झालेल्या माझ्या दुखण्यावरचा औषधाचा कोर्स पुरा झाला, रक्त स्वच्छ आलं, आता उरलंय ते वय आणि मनाचे खेळ, असं तू लिहिलंस. बरं बाई, शहाणी तू! पण परवा एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्याला कॉलर लावताना सुई बोटात रुतली, ते मला कॉलरवर रक्त दिसल्यावर कळलं. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, आपली लेक त्याच रोगाच्या प्रयोगशाळेत आहे, ती नाही म्हणते म्हणजे नाही. झालं! माझ्या बोटांपेक्षा तुझ्या पत्राला जास्त मान. आता मी तोंड शिवून बसते, तेवढं शिवण अजून जमतं.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आठवण असू दे.

तुझी
आई


१४ मार्च

ती. आईस,
शि. सा. न.

आई, चुकलं माझं. आमच्याकडे तोच रोग दिलेल्या माकडांच्या नसांचे, हृदयाचे पातळ काप काचेवर येतात, त्यावर नुसता नंबर. कुणाला औषध दिलं, कुणाला नाही, हे सगळ्या काचा तपासून होईपर्यंत सांगत नाहीत. नाहीतर डोळा हवं तेच बघतो. अकरा नंबरच्या नसेला सूज होती. ह्या माकडिणीला औषध मिळालेलंच नाही, असं मी पैजेवर सांगितलं. काल यादी उघडली. तिला पुरं औषध दिलं होतं. शेवटपर्यंत उड्या मारत होती म्हणे, वरून अगदी ठणठणीत. मला तुझी सुई आठवली.

तुझंही तसंच असेल असं नाही; मूठभर माकडांवरून माणसाचं सांगता येत नाही. पण काही नाही, असं म्हणायचा मला तरी काय अधिकार होता? न तपासता निकाल दिला, तोही आईचा! मंगळवारी नसांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, सोमवारी मी येतेय. बाबांना हे पत्र दाखव.

रागव हवं तर, पण अबोला धरू नकोस.

तुझी
बबडी


१९ मार्च

चि. बबडीस,
अ. उ. आ.

रागावले होते, खोटं कशाला बोलू? पत्र ह्यांनी दोनदा वाचलं. मग जवळ येऊन बसले आणि नेमकं कुठे दुखतं ते विचारलं. चार महिन्यांत पहिल्यांदा! मी बोटं दाखवली, गुडघा दाखवला आणि वेड्यासारखी रडत सुटले. हे घाबरलेच, फार दुखतंय का म्हणाले. दुखणं होतं तेवढंच होतं गं, पण आता ते कुणाला तरी खरं वाटत होतं.

सोमवारी जपून ये. माया आहेच, ती रागानं आटत नाही.

तुझी
आई