आठ दिवस कळ काढ

८ मार्च

ती. दादास,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

ऑपरेशनची तारीख ठरल्याचं वाचून जीव भांड्यात पडला. वर्षभर तू लोकांची घड्याळं नुसत्या अंदाजावर दुरुस्त करतो आहेस, असं वहिनीने कळवलं होतं. डावा डोळा तर लहानपणापासून नावालाच आहे. उजव्यानेही दगा दिला, तर दुकानात चिमटा धरायचा कुणी?

घाबरू मात्र नकोस. गेल्या वर्षी माझा मोतीबिंदू काढला, तेव्हा मधेच सगळं धुरकट झालं, डोळा लालभडक, ठणका तर विचारू नकोस. डॉक्टरांकडे धावले, तर ते हसले. आठ दिवसांत आपोआप निवळलं. तू मुळातच काळजीचं पोतं, उठसूट दवाखान्याच्या पायऱ्या झिजवशील. आठ दिवस कळ काढ. माझं बंद पडलेलं मनगटी घड्याळ पार्सलने पाठवते आहे, नव्या डोळ्याने पहिलं तेच उघड.

वहिनीला नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी धाकटी


१३ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

काल लेन्स बसली. आज पट्टी काढली आणि भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा खुर्चीत बसून दिसला. तुझ्या वहिनीच्या कानामागचा तीळही दिसला. तो तिथे आहे हे मी विसरूनच गेलो होतो.

नर्सने सूचनांचा छापील कागद दिला आहे. त्यापेक्षा तुझं पत्र बरं, त्यात निदान माणूस बोलतं. ते चष्म्याच्या डबीत जपून ठेवलं आहे. तुझ्या घड्याळाची वाट पाहतो.

प्रकृतीला जप आणि अशीच बडबडत राहा.
दादा


२७ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

अक्षर वहिनीचं आहे. बोलतो मी, लिहिते ती.

तिसऱ्या दिवशी धुकं आलं, मग ठणका. आत जंतू गेले होते. पुन्हा टेबलावर घेतलं, डोळ्यात सुया दिल्या, शेवटी लेन्सही काढली. आता खिडकी कुठे आहे एवढंही कळत नाही. हजारात एखाद्याला असं होतं म्हणे. कुणाचा दोष नाही. दुकान बंद केलं.

तुझं घड्याळ आलं. कानाला लावून पाहिलं. आत कचरा आहे, अर्ध्या तासाचं काम. मागचं झाकण चाचपून उघडलं, पण एक स्क्रू निसटला. वहिनीने सगळी फरशी पुसून काढली, सापडला नाही.

तू सुखी राहा.
दादा

ता. क. वन्सं, हे मी माझ्या मनाने लिहिते आहे, त्यांना ठाऊक नाही. चौथ्या दिवशी ते भिंतीला डोकं टेकून कण्हत होते. दवाखान्यात चला म्हटलं, तर तुमचं पत्र माझ्यापुढे धरलं आणि आठ दिवस थांबायचं म्हणाले. दुखलं किंवा अंधुक झालं तर त्याच दिवशी या, असं त्या छापील कागदावर होतं. तो त्यांनी तेलाच्या बाटलीखाली अंथरला होता. सहाव्या दिवशी मीच ओढून नेलं. दोन दिवस आधी आला असता तर, एवढंच डॉक्टर बोलले. तुम्हाला कळवायचं नाही अशी ताकीद आहे, पण एकटीने पोटात ठेवणं मला जमलं नाही.


३१ मार्च

ती. दादास,
शि. सा. न.

वहिनीवर रागावू नकोस. तिने मला सगळं सांगितलं.

दादा, मला ठणका लागलाच नव्हता. डोळा जरा चुरचुरला आणि दुसऱ्या दिवसापासून स्वच्छ दिसायला लागलं. तू लहानपणापासून दुखण्याला भितोस. माझं मोठं करून सांगितलं, म्हणजे तुझं तुला किरकोळ वाटेल, असं वाटलं. डॉक्टरांकडे धावले, ते हसले, तेही मनचंच.

स्क्रू शोधू नका. घड्याळ तसंच उघडं राहू दे.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही.

वहिनी, यातलं काही गाळू नकोस. सगळं मोठ्याने वाच. ऐकताना त्याचा चेहरा कसा होतो, ते मला कळव.

धाकटी