चादरीचं दुसरं टोक

आर्डवेनिश,
मंगळवार, पाऊस (दुसरं काय असणार)

तीर्थरूप वन्संना,

डोलिनाचा वाकून नमस्कार. कागदावर वाकायला काही लागत नाही म्हणून पार खाली वाकलेय. प्रत्यक्ष भेटलात तर नुसत्या मान हलवण्यावर भागवून घ्या, कारण माझा उजवा गुडघा हल्ली माझं ऐकत नाही. तुमच्या पित्ताचं कसं काय? लेक अजून मीठ मोजून वाढते का? तिकडं न्यूझीलंडात उन्हाळा लागत असेल, आणि तुम्ही टोपी घालून अंगणात बसून लोकांच्या सुनांना नावं ठेवत असाल, असं मी डोळ्यांपुढं आणते आणि मला बरं वाटतं. मी मजेत आहे. तब्येत ठणठणीत, झोप गाढ, शेगडी पेटती. माझी काळजी करण्यासारखं काहीएक नाही, हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. परवा तुमच्या भावाच्या थडग्याशी जाऊन आले. दगड सरळ आहे, गवत कापलं. फार्करला गावच्या बातम्या सांगितल्या. त्यानं काही उत्तर दिलं नाही. (जिवंत होता तेव्हा तरी कुठं देत होता? "हं" म्हणायचा. त्या "हं"मध्ये किती प्रकार होते ते तो गेल्यावर मला कळलं.)

आता गावातली मोठी भानगड सांगते. तुम्ही गेलात तेव्हा धक्क्यासमोर बँक होती ना, ती केव्हाच बंद झाली. तिथं गावानं मिळून लाँड्री काढलीय, हे मागं लिहिलं होतं. चालवते इशबेल. तीच, जी त्याच बँकेत काचेमागं बसायची. बँक गेली, काच तशीच राहिली, आणि इशबेलही. अजून कुणी मळके टॉवेल घेऊन आलं की काचेमागून "पुढचे या" म्हणते, मागं कुणी नसलं तरी. सुट्टीला येणाऱ्या लोकांना भाड्यानं देतात त्या सगळ्या घरांच्या चादरी आमच्याकडं येतात. सरकारी भाषेत आमच्यासारख्यांना 'सामाजिक उद्योग' म्हणतात. म्हणजे असं बघा, धंदा करायचा, पण नफा झाला तर लाजायचं, आणि तोटा झाला तर अहवाल लिहायचा.

माझं तिथलं काम चादरींच्या घड्या घालायचं. आता तुम्ही म्हणाल, ह्यात काय काम आहे! वन्सं, दोघांच्या पलंगाची चादर एकट्या माणसाला घडी घालता येत नाही. मी घरी करून बघितलंय. एक टोक हनुवटीखाली धरलं तर दुसरं जमिनीवर लोळतं. दाराच्या कडीला अडकवून ओढलं, तर दार उघडलं आणि मी चादरीसकट अंगणात. (शेजारच्या मेंढ्यांनी बघितलं. त्या कुणाला सांगायच्या नाहीत, पण माझ्याकडं बघायची त्यांची नजर बदलली.) तर लाँड्रीत माझ्यासमोर दुसरं टोक धरायला असतो हेक्टर. आठवतो ना? फेरीबोटीवर दोरखंड सांभाळायचा, लग्न केलं नाही, आणि का केलं नाही असं विचारलं तर "बोट सुटायची वेळ झाली" म्हणायचा. तो घडी घालतो ती अशी की बोट बांधायला घेतलीय. आम्ही दोघं लांब उभी राहतो, झटकतो, मग टोकाला टोक मिळवायला जवळ येतो. जवळ आलं की तो अर्धं वाक्य बोलतो. उरलेलं अर्धं पुढच्या चादरीला. "माझ्या आईचा भाऊ होता ना..." म्हणून मागं जातो, आणि मी इकडं दुसरी चादर उचलेपर्यंत जिवाला घोर, की होता तर त्या भावाचं झालं काय! एका मामाची गोष्ट आम्हाला आख्खा उन्हाळा पुरली. शेवटी मामा बुडाला. उशांच्या दोन अभ्र्यांच्या मधे.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि ते वरच्यांच्या डोळ्यांवर आलं. पूर्वी आम्हाला मदत द्यायला पेटिग्रूसाहेब यायचे. बसनं यायचे, भिजलेले असायचे. इशबेल त्यांचा कोट सुकवायच्या यंत्रात टाकायची, आणि कोट सुकेपर्यंत ते रस्सा प्यायचे, माझे स्कोन, म्हणजे मी भाजलेले गोड पाव, खायचे आणि आम्ही चादरींच्या घड्या घालत असू त्याकडं बघत बसायचे. कधी कधी तिसरं माणूस म्हणून मधे शिरायचे आणि सगळा घोळ करायचे. जाताना म्हणायचे, "चालू द्या, बायांनो." (हेक्टरला पण बायांमध्ये धरायचे.) पुढं महिन्याभरात अनुदान यायचं. मग काय झालं, मदत देणारी अशी जी छोटी छोटी ऑफिसं होती ती सगळी मिळून एक केली. पेटिग्रूसाहेबांना घड्याळ देऊन घरी बसवलं. आता सगळ्या देशाला एकच दार, आणि ते दार कॉम्प्युटरच्या पडद्यावर. अनुदान म्हणायचं नाही, 'गुंतवणूक' म्हणायचं, आणि त्यातलं अर्धं परत करायचं. इशबेल म्हणाली, "बँकेत होते तेव्हा ह्याला आम्ही कर्ज म्हणायचो."

ह्या नव्या दारामागं बसलेली मुलगी केरी. पोर गुणाची आहे हो, उगाच खोटं कशाला बोलू. पण पहिल्या वेळी पडद्यावर आली आणि आपल्याकडची लाइन तुम्हाला ठाऊकच आहे, वारा सुटला की बसते. बोलता बोलता केरी तोंड उघडं आणि डोळे मिटलेले अशी थिजली. इशबेल यंत्राला चापट्या मारायला लागली, तर हेक्टर तिच्यावर डाफरला, "थांब जरा, ती प्रार्थना करतेय!" आणि टोपी काढून उभा राहिला. मग मीही उभी राहिले. चांगला चहा थंड होईपर्यंत आम्ही त्या पोरीच्या उघड्या तोंडापुढं माना खाली घालून उभी. ती परत सुरू झाली तेव्हा म्हणाली, "सगळे इतके गंभीर का आहात?" हेक्टर म्हणाला, "आमेन."

शेवटी बिचारी स्वतः आली बघायला. आणि वन्सं, इथंच आमचं चुकलं. आपल्याकडं पाहुणा यायचा म्हटलं की माणसाचं काय होतं ते तुम्हीच मला ह्या घरात आल्यावर शिकवलंत. उंबरा घासायचा, दुखणं कपाटात घालायचं आणि कुलूप लावायचं. आम्ही आदल्या दिवशी फरशी धुतली, काच पुसली. हेक्टरनं टाय बांधला (तोही बोटीसारखाच). इशबेल बजावून गेली, "ती बघत असेल तेव्हा गप्पा नाहीत हां डोलिना! सपासप हात चालवायचे. आपण रिकामटेकडे आहोत असं वाटायला नको." झालं! केरी खुर्ची टाकून बसली आणि आम्ही दोघांनी अशा घड्या घातल्या, अशा घातल्या, की पलटणीनं घालाव्यात. ना मामा, ना भाचा. झटक, जवळ, मागं. झटक, जवळ, मागं. माझ्याच कानाला ती लाँड्री परकी वाटायला लागली. संपल्यावर हेक्टरनं छाती फुगवून केरीकडं बघितलं. ती खूश होऊन म्हणाली, "वा! हे काम करणारं यंत्र मिळतं. एका बाजूनं चादर घालायची, दुसऱ्या बाजूनं घडी होऊन येते. एकच माणूस लागतं."

धुण्याचं मोठं यंत्र आमचं मोडकळीला आलंय, ते नवीन मिळालं नाही तर वसंतात दाराला कुलूप. आणि नव्या नियमानं ते मिळणार तर घडीच्या यंत्रासकटच मिळणार, कारण 'गुंतवणुकी'ला काम झपाट्यानं झालेलं दिसावं लागतं. तरी पोरीला शंका आली असावी. तिनं एकेकाला विचारलं, "यंत्र आलं तर तुमचं कसं होईल? तुम्हाला इथं यायची गरज वाटते का?" आता आपली माणसं ठाऊक आहेत ना? ह्या गावात पाय तुटलेल्या माणसाला विचारलं तरी तो "ठीक चाललंय" म्हणतो. इशबेल म्हणाली, ठीक चाललंय. हेक्टर म्हणाला, "वाईट नाही." आणि मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, "येऊ दे की यंत्र! एवढं नीटनेटकं आणि उलट न बोलणारं मिळालं तर मी त्याच्याशी लग्नच करीन." सगळी खो खो हसली. केरीनं हसत हसत डोळे पुसले. जाताना म्हणाली, माणसांना माणसं लागतात म्हणून चालणाऱ्या जागांसाठी एक लहानसा वेगळा निधी अजून उरलाय, त्यातून नुसतं धुण्याचं यंत्र घेता आलं असतं, आणि घड्या हातानंच राहिल्या असत्या. "पण तिथं गरज दिसावी लागते," म्हणाली. "आणि तुम्ही सगळे किती मजेत आहात!"

बस वळणावरून गेली तोवर मी हात हलवत होते. हसरी, गालांवर खळ्या, अशी. आत आले तर हेक्टर टायची गाठ सोडत होता. ती सुटेना. मी सोडवून दिली.

दुसऱ्या दिवशी घड्या घालायला उभी राहिलो. बराच वेळ तो काही बोलेना. मी चिडवलं, "काय रे, मामा परत बुडाला का?" तरी नाही. मग एका मोठ्या चादरीला जवळ आला तेव्हा म्हणाला, "यंत्र बोलतं का गं?" मी म्हटलं, "घरघरतं म्हणे." तो मागं गेला. पुढच्या चादरीला उरलेलं अर्धं वाक्य येईल म्हणून मी वाट बघत राहिले. आलं नाही.

असो. ह्या सगळ्याचं मला काही विशेष वाटलं नाही. घरी कामं कमी आहेत का? मोजे विणायचेत, कपाटं आवरायचीत (मागल्या आठवड्यात आवरली होती, पण कपाटांचा काही भरवसा नाही). तुम्ही जपून असा. लेकीला आणि नातीला माझे आशीर्वाद, आणि जावयाला फक्त नमस्कार, मागच्या खेपेला त्यानं माझ्या रश्श्यात मिरपूड घातली होती ते मी विसरलेली नाही.

तुमची धाकटी भावजय,
डोलिना

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी एक लहानसं काम सांगते. ती केरी जाताना असंही म्हणाली होती, की त्या निधीचं ठरवणारी समिती नाताळाच्या आधी पुन्हा बसेल, आणि तोवर कुणी गरज लिहून कळवली, अगदी गावाबाहेरच्या माणसानं कळवली, तरी ती त्यांच्यापुढं ठेवीन. तर तुम्ही लिहाल का? नातीच्या यंत्रावरून पाठवलंत तर लगेच पोचेल, पत्ता मागच्या बाजूला आहे. माझी भावजय एकटी आहे, एवढं लिहायचं. हे मला स्वतःच्या तोंडानं सांगायला जमत नाही हो. दोनदा काचेपाशी जाऊन उभी राहिले, आणि दोन्ही वेळा इशबेलला काहीतरी विनोद सांगून परत आले.

ता. क. दुसरा. तुम्ही म्हणाल, मी कुठं तिथं आहे, मला काय ठाऊक, मी लिहू काय? मग हे लिहा. गुरुवारी संध्याकाळी लाँड्री बंद होते ती सोमवारी उघडते. मधल्या वेळात मला कुणी हाक मारत नाही. चर्चला जाते, पण धर्मगुरू आता पाच गावांना मिळून एक आहे, महिन्यातून एकदा येतो, आणि तिथं बोलायचं ते देवाशी, तेही मनात. सोमवारी लाँड्रीचं दार ढकलायच्या आधी मी बाहेर पावसात उभी राहून हळूच "गुड मॉर्निंग" म्हणून बघते, आवाज येतोय का ते. पहिल्यांदा येत नाही. खाकरावं लागतं. मग आत जाते आणि सगळ्यांची टर उडवते.

ता. क. तिसरा. वन्सं, तुमची सवय मला ठाऊक आहे. फार्करला साधी शिंक आली तरी तुम्ही आख्ख्या किनाऱ्यावर त्याला क्षय झाल्याचं सांगितलं होतंत. ह्या खेपेला एक शब्दही वाढवू नका. आहे तेवढंच पुरेल.