सोन्याला भेटायला

ता. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू नको म्हणाली होतीस, तरी काल सुधारगृहात जाऊन आपल्या सोन्याला भेटून आले. बाहेरून शाळाच वाटते. घंटा, भिंतीवर काळे फळे, खिडकीत वाळत घातलेले मोजे. फक्त दारांच्या कड्या बाहेरून आहेत.

सकाळी अभ्यास, दुपारी काम शिकवतात. गाड्या दुरुस्त करण्याच्या वर्गाला मुलांची झुंबड असते, पण सोन्या तिकडे फिरकतसुद्धा नाही. त्याने पावाची भट्टी निवडली. पाण्याचा पेला जागचा न हलवणारा तुझा लाडोबा आता कोपरापर्यंत पीठ माखून घेतो! मनगटाजवळ थोडं भाजलंय. भट्टीवरचे मास्तर म्हणाले, पोरगं गुणी आहे, पण हसत नाही.

माझ्याकडे त्याने एकच चौकशी केली, आईला झोप लागते का. लागते, असं मी खोटंच सांगितलं.

रागाव हवं तर, पण लोभ आटू देऊ नकोस.
तुझी धाकटी

ता. ११ मार्च

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू गेलीस ते गेलीस, मला बोलावू नकोस. ह्यांच्या गाडीची किल्ली त्याने न विचारता घेतली. माझ्या सात वर्षांच्या चिमणीला शेजारी बसवून चक्कर मारायला निघाला आणि गाडी भिंतीवर घातली. तो उठून उभा राहिला. ती नाही उठली.

तो समोर आला तर तोंडून जाईल, की तू कसा रे वाचलास. आईने असं विचारू नये, म्हणून येत नाही. माय मरो, मावशी जगो म्हणतात ना, तसंच समज आणि तूच त्याला सांभाळ. घरात आम्ही दोघं भिंतींसारखे राहतो. हे अजूनही तिच्या खोलीतला दिवा लावतात, मी विझवते.

जपून राहा.
तुझी ताई

ता. क. भाजलेल्या जागी मलम लावतात का? त्याची कातडी लवकर चिघळते.

ता. ९ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मलमाचं विचारलंस हे मी त्याला सांगितलं. आधी हसला. मग टेबलावर डोकं ठेवून इतका रडला, की पहाऱ्यावरच्या बाईही पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

परीक्षेत तो पास झाला. येत्या रविवारी पालकांना बोलावलंय. मला ताप आहे, अंथरुणातून उठवत नाही. कोणीच आलं नाही तर तो एकटा बसेल गं.

तुझ्या मायेची वाट पाहणारी,
धाकटी

ता. २१ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा ताप खोटा होता. शाळा बुडवायचीस तेव्हाही अशीच कण्हायचीस. गेले मी.

दारातून आला तो आधी ओळखूच आला नाही. उंच झालाय, ओठावर मिसरूड फुटलंय. दूर उभा राहिला, हात मागे बांधून. मी मनाशी घोकून नेलेलं सगळं विसरले. मग खुर्ची पुढे सरकवून तो म्हणाला, तुम्ही बसा.

अगं, मला 'तुम्ही' म्हणाला! बोबडं बोलायला लागल्यापासून 'तू आई, तू आई' करत पदर ओढणारा माझा पोरगा. तिथल्या बायांशी बोलतात तसा बोलला. मी हात धरून म्हटलं, तू म्हण रे मला. त्याचे ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. खाली बघून एवढंच म्हणाला, की सुटल्यावर मी घरी येणार नाही, तुम्हाला रोज माझं तोंड बघायला लागेल.

नाही रे, घरी चल, एवढंच म्हणायचं होतं. घंटा होईपर्यंत त्याचा हात घट्ट धरून बसले. पण धाकटे, माझ्याही तोंडून ते निघालं नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा जातेय. हेही येतो म्हणालेत.

आमच्या तिघांवर माया असू दे.
तुझी ताई