वाचून केलेली सही

ता. ४ मार्च

चि. ठकूस, आबाचे अनेक आशीर्वाद.

तुला तुरुंगात नेल्याला आज तेरावा दिवस. स्वेटर पोचला का? फरशीवर अनवाणी फिरू नकोस. कॉलेजात शिकवत होतीस तेव्हा तपासायच्या पेपरांचा ढीग बघून मी कुरकुर करायचो. आता वाटतं, तो ढीगच बरा होता. आमदार म्हणून निवडून गेलीस, बेपत्ता माणसांच्या बायकांबरोबर चौकीच्या दारात ठाण मांडलंस, आणि इथे माझ्या जिवाला घोर लागला.

काल दोन साहेब घरी आले. अगदी गोड बोलणं. म्हणाले, एका कागदावर सही करा, मुलीला उपचारासाठी चार दिवसांत घरी सोडतो. मी केली. कसला कागद ते विचारू नकोस. मी चार इयत्ता शिकलेला बुकबाइंडर. जन्मभर पुस्तकं शिवली, वाचली कुठे? तुझी खोली झाडून ठेवली आहे. मास्तरीणबाई, रागावू नका, एवढंच मागणं.

तुझा,
आबा

ता. ९ मार्च

ती. आबांस, सा. न. वि. वि.

स्वेटर मिळाला. उसवलेली बाही तुम्ही बांधणीच्या दोऱ्याने शिवलीत, इथल्या बायका हसून बेजार झाल्या.

तुमचा कागद आज अधीक्षकांनी वाचून दाखवला. दोन वर्षं मुलीचं डोकं ठिकाणावर नाही, ती भ्रमिष्टासारखी वागते, असं तुम्ही शपथेवर लिहून दिलंय. त्यावरून सभापतींनी माझं मत थांबवलं. एकवीस तारखेला मला पहाऱ्यात सभागृहात आमच्या कायद्यावर मत द्यायला नेणार होते. पोलिसांनी कुणालाही उचललं तर त्याच दिवशी त्याच्या घरी कळवलंच पाहिजे, एवढाच तो कायदा. बारा वर्षं त्यासाठी झिजले, आणि आता प्रश्न एका मताचा आहे. एक आई अकरा महिने मुलाला शोधत चौकी-चौकी हिंडते आहे. तिला काय सांगू?

तुमच्यावर राग नाही. तुम्हाला फसवलंय. वकील एक कागद आणतील, त्यात तुमच्या वतीने लिहिलेलं असेल: मला नीट वाचता येत नाही, मजकूर कुणी सांगितला नाही. त्यावर सही करा. हात जोडून मागते.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
ठकू

ता. १३ मार्च

चि. ठकूस, आशीर्वाद.

वकिलांच्या कागदावर मी सही केली नाही. ठकू, मी वाचलं होतं. साहेबांनी दोन साक्षीदारांसमोर मला मोठ्याने वाचायला लावलं. ‘भ्रमिष्ट’ला अडखळलो, तर पुन्हा वाचून घेतलं. शब्द न शब्द कळला, आणि मग सही केली. तुझ्याबरोबर धरलेली ती शिवणकाम करणारी बाई सुटून आली, तेव्हा तिला जिन्याची एक पायरी चढवत नव्हती. ते मी पाहिलं. म्हटलं, पोरगी वेडी ठरली तरी चालेल, धड हातापायांनी घरी येऊ दे. बाप भित्रा आहे हे तुला ठाऊकच होतं. खोटारडाही आहे, हे आज कळवतो.

आता वाचता येत नाही म्हणालो तर ते साक्षीदार उभे करतील. तेव्हा कोर्टात खरं तेच सांगेन: मुलगी शहाणी आहे, मीच जाणूनबुजून खोटं लिहिलं. वकील म्हणाले, खोट्या शपथेबद्दल तुम्हाला आत टाकतील. फार ओरडले माझ्यावर.

रागात का होईना, आठवण ठेव.

आबा

ता. १६ मार्च

ती. आबांस, सा. न. वि. वि.

जाऊ नका. तुम्ही अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, त्यात दमा. इथे दिवसातून दोनदा फरशीवर पाणी ओततात आणि त्यातच बसवतात. तुमचा जबाब घेऊ नका, असा मी वकिलांना निरोप दिला आहे. मत गेलं तर जाऊ दे. मी वेडी आहे, असं मीच लिहून देते.

हे लिहिलं आणि थांबले. त्या दिवशी तुम्ही पेन कसं धरलं असेल, ते आत्ता कळलं. आबा, त्या आईला तोंड दाखवायची मला सोय राहणार नाही. तरी सांगते, घराबाहेर पडू नका. उलट टपाली दोनच शब्द लिहा, घरीच आहे म्हणून.

तुमची,
ठकू

ता. १९ मार्च

चि. ठकूस, अनेक आशीर्वाद.

मी घरी नाही. तुझं पत्र वाचलं, खिशात घातलं आणि कोर्टात गेलो. वकील जबाब घेईनात, म्हणून मीच न्यायाधीशांसमोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी विचारलं, सही करताना वाचलं नव्हतं का. म्हटलं, दोनदा वाचलं होतं. त्यांनी ते लिहून घेतलं. मग माझा कागद रद्द केला आणि सभापतींना तसं आजच कळवायचा हुकूम दिला.

मला तिथल्याच बाकावर धरलं. आता मागच्या खोलीत बसवलंय, थोड्या वेळाने गाडीत घालतील. कुठे नेणार ते सांगत नाहीत. घरी कोण कळवणार म्हणून शिपायाला विचारलं, तर म्हणाला, आजोबा, तसा काही नियम नाही. वकिलांच्या कारकुनाने कागद दिला म्हणून तुला लिहितोय.

भीती फार वाटते. पण तू मला शोधायच्या मागे लागू नकोस. परवा सभागृहात जा आणि हात वर कर. शिपायाला सांगून ठेवलंय, परवा नियम होईल. मग मी कुठे आहे ते माझ्या मुलीला कळवायचं काम तुझं, असंही त्याला बजावलं. तो हसला. तुझा पत्ता मात्र लिहून घेतला.

तुझा,
आबा