नवीन गिऱ्हाईक

१५ जानेवारी

आज पुन्हा तेच! मिक्सरमध्ये सिमेंट, वाळू, खडी, काचेची पूड, सगळं भरून तयार. फक्त बटण दाबायचं बाकी. आणि महाराज डोळे मिटून, हात जोडून उभे. मी म्हटलं, "अरे, देव काय काँक्रीट कालवायला येणार आहे?" तर म्हणतो, "येत नाही गं. पण कळवलेलं बरं. नंतर म्हणायला नको, मला विचारलं नाही!" गोगलगाय, म्हणजे माझी संथ रूममेट, इतकी हसली की हातातलं घमेलं सांडलं.

हे त्याचं पहिल्या वर्षापासून. परीक्षा असो, ओळंबा लावणं असो, काहीही असो — आधी हात जोडणार. म्हणून तर नाव पडलं महाराज. आणि क्यूब भरून झाला की ओल्या काँक्रीटच्या कोपऱ्यात अंगठा दाबणार. "सही," म्हणतो.

शेवटचं सेमिस्टर. श्वास घ्यायला वेळ नाही. प्रोजेक्ट आमचा तिघांचा — वाळूऐवजी थोडी फुटक्या काचेची पूड घातली तर काँक्रीट किती भक्कम होतं ते बघायचं. म्हणजे वीतभर ठोकळे, हेच क्यूब, ओतायचे, चार आठवडे टाकीत पाण्याखाली ठेवायचे, आणि मग मशीनखाली दाबून फोडायचे. एवढं जपायचं ते फोडायला! कंबरेचा काटा ढिला झालाय.

२२ जानेवारी

गोगलगायीने आंघोळीला पाऊण तास लावला. लेक्चर चुकलं. ही माझी रूममेट आहे की मागच्या जन्मीची घेणेकरी, कळत नाही.

२८ जानेवारी

महाराजच्या दंडावर मोठा निळा डाग. "मिक्सर लागला," म्हणाला. मिक्सर एवढ्या वर? दुपारी लॅबच्या पायऱ्यांवर बसून राहिला. जिना चढून दम लागला म्हणे. मी म्हटलं, म्हातारा झालास. "होय बाई, आता वनात जातो," म्हणाला.

चहा पिताना विचारत होता, "तू खरंच कधीच मागत नाहीस?" सांगितलं त्याला. नववीत होते, आजोबा आजारी होते. रोज मागितलं, अगदी मनापासून. आजोबा गेले. तेव्हापासून देवाचं आणि माझं बोलणं बंद. त्याने वाद घातला नाही. नुसता म्हणाला, "भांडण आहे म्हणजे ओळख आहे."



५ फेब्रुवारी

शेवटची बॅच ओतली आज. चार क्यूब — तीन फोडायला, एक जास्तीचा. महाराजच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. दोन दिवस कॉलेजलाही आला नव्हता. विचारलं तर, "आईबरोबर एका कामाला गेलो होतो."

आणि एक गंमत. तो सरळ बटणाकडे हात न्यायला लागला. हात जोडलेच नाहीत! मी म्हटलं, "महाराज, विसरलात!" त्याने बटणाकडे नेलेला हात मागे घेतला. मग मीच पुढे झाले, थट्टेने हात जोडले, मोठ्याने म्हटलं, "देवा, आमचे महाराज दमलेत. आज माझ्याकडून घे." गोगलगाय हसली. तो हसला नाही. अंगठा मात्र चारही क्यूबवर नीट दाबला. दमला असेल.

९ फेब्रुवारी

रक्ताचा आजार आहे. वाढलेला. महाराजला. परवा ॲडमिट केलं. बॅचच्या आदल्याच दिवशी रिपोर्ट आला होता. त्याच्या आईने फोनवर सांगितलं. मी नुसती "हो काकू, हो काकू" करत राहिले.

रिपोर्ट खिशात घालून चार क्यूब ओतून गेला. आणि मी त्याला म्हातारा म्हणाले.

१४ फेब्रुवारी

हॉस्पिटलमध्ये गेलो दोघी. सुई लावलेला हात उशीवर ठेवलेला. आम्हाला बघून म्हणाला, "क्यूब पाण्यात आहेत ना? टाकीचं पाणी बघत जा. वर उघडे पडले तर माझं नाक कापलं जाईल." स्वतःचं बोलायचं नाव नाही!

गोगलगाय काकूंबरोबर औषधं आणायला गेली. तेवढ्यात तो म्हणाला, "एक काम करशील?"

"सांग ना."

"माझ्यासाठी माग."

मला आधी कळलंच नाही. मग म्हटलं, "मी? अरे तूच माग की! तुझा तर रोजचा वशिला."

"माझं ऐकून ऐकून कंटाळलाय तो. तू नवीन गिऱ्हाईक. नवीन गिऱ्हाईकाला दुकानदार आधी विचारतो."

हसत होता. पण हात घट्ट धरला होता माझा. मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते!

१७ फेब्रुवारी

नाही जमलं. बसले, डोळे मिटले, डोक्यात आली ती बांधकामाच्या खर्चाची असाइनमेंट. उठले.

१८ फेब्रुवारी

आज सर्व्हेची तोंडी परीक्षा. सरांनी विचारलेलं काहीच ऐकू येईना. पास केलं, दया आली असेल.

आईचा फोन. तिला सांगितलं सगळं. म्हणाली, "अगं, मग माग ना. तुझ्या बापाचं काय जातंय?" मी म्हटलं, आजोबांच्या वेळी मागितलं होतं, आठवतंय?  आई हळूच म्हणाली, "तुला वाटतं तू एकटीने मागितलं होतंस? आम्ही सगळेच मागत होतो. तरी मी अजून मागतेच ना." मला हे माहीतच नव्हतं. म्हणजे तिचंही ऐकलं नव्हतं त्याने. आणि ती रोज हात जोडते, गॅस पेटवायच्या आधी.

२० फेब्रुवारी

मागितलं.

कसं मागतात ते विसरले होते. म्हटलं, "हे बघ, आपलं बोलणं बंद आहे ते मला माहीत आहे. माझ्यासाठी आलेले नाही मी. त्याच्यासाठी आलेय. त्याने पाठवलंय." एवढंच. वेड्यासारखं वाटलं. रडूही आलं.

२४ फेब्रुवारी

रोज मागतेय. आता लाज वाटत नाही. गोगलगायीने पाहिलं. मुकाट्याने शेजारी येऊन बसली. एरवी तिला कुठे यायला अर्धा तास लागतो!

आज त्याचा ताप उतरला. दोन घास जेवला. काकू फोनवर पहिल्यांदा नीट बोलल्या. बघ! बघ, म्हणजे ऐकतो!

मी धावत जाऊन त्याला सांगितलं. "मागतेय हं मी. रोज." त्याने मान माझ्याकडे वळवली. "खरंच?" म्हणाला. "खरंच, तुझी शप्पथ!" मग डोळे मिटून म्हणाला, "चला. कुणीतरी बघतंय तिकडचं."

टाकीत पाणी आहे. चारही क्यूब पाण्याखाली. तेही सांगितलं.

२ मार्च

गेला. सकाळी.

३ मार्च

किती जण आले होते. त्याचे वडील एका जागी उभे, हलेचनात. काकूंनी मला जवळ घेतलं, काहीतरी म्हणत होत्या, "तुला सांगायचं आहे गं, मग सांगते, मग सांगते." मला ऐकायचंच नव्हतं.

मी मागितलं होतं. रोज मागितलं होतं. बोलणं बंद असताना, मान खाली घालून गेले मी दारात! नवीन गिऱ्हाईक म्हणे! दुकानच बंद आहे आणि आम्ही बाहेर रांग लावून उभे.

संपलं. पुन्हा कधी नाही. आता तर तोंडसुद्धा बघणार नाही.

५ मार्च

आज चार आठवडे पूर्ण. महाराजचे क्यूब फोडायचे होते. मी प्रोजेक्टच्या सरांना म्हटलं, पुढच्या आठवड्यात करू. सरांनी वहीतली तारीख दाखवली. मग म्हणाले, "काँक्रीट थांबत नाही, बाळा, रोज घट्ट होत जातं. आज नाही फोडलं तर त्याची मेहनत वाया जाईल." 

टाकीतून बाहेर काढले. ओले, गार, जड. कोपऱ्यात अंगठा. बारीक रेषासुद्धा दिसत होत्या.

मशीनपाशी गोगलगायीने माझ्याकडे पाहिलं. हात जोडायची वेळ होती ती. मी नाही जोडले. मी सरळ दाब द्यायला लागले. काटा चढत गेला, चढतच गेला. मग आत कुठेतरी कट् झालं आणि कडा ढासळल्या. गोगलगाय तोंड दाबून बाहेर पळाली. दुसरा. तिसरा. मीच फोडले तिन्ही. कुणाला हात लावू दिला नाही.

आकडे? सगळ्या बॅचमध्ये ही सर्वांत भक्कम निघाली. देवाला न कळवता ओतलेली! मनात आलं, बघ महाराज, तुझ्या देवाचा काही संबंध नाही.

मग आठवलं. कळवलं होतं की. मीच, थट्टेने.

चौथा क्यूब फोडला नाही. खोलीत आणून ठेवलाय, खिडकीखाली. आठ किलोचा आहे. सरांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

१९ मार्च

रिपोर्ट लिहून झाला. पहिल्या पानावर तीन नावं ठेवली. ऑफिसातले कारकून म्हणाले, "परीक्षेला दोघीच बसणार, मग तीन कशाला?" गोगलगाय, जिने चार वर्षांत कुणाला उलट उत्तर दिलं नाही, ती म्हणाली, "काम तिघांनी केलंय, म्हणून." आणि मोजून पावणेदोन सेकंदांत म्हणाली!

त्याला सांगायला हवं होतं हे. किती हसला असता.

११ एप्रिल

तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "ही शेवटची बॅच एवढी चांगली का आली?" म्हटलं, "ज्याने ओतली तो नीट काम करायचा." त्यांनी पान उलटलं.

खोली आवरतेय. सगळे सुटल्यासारखे नाचतायत. मला कशाचंच काही वाटत नाही. देवाचा विषय निघाला की उठून जाते.

१६ एप्रिल

काकू आल्या होत्या. क्यूब त्यांना दिला. मांडीवर घेतला, अंगठ्याच्या खळगीत स्वतःचा अंगठा ठेवून बसल्या. मग राहिलेलं सांगितलं. रिपोर्ट आला त्या दिवसापासून त्याने हात जोडलेच नव्हते. एकदाही नाही. काकू पाया पडल्या, अरे एकदा तरी माग! तर म्हणाला, "नाही होत गं आता माझ्याने. ते काम मी तिला दिलंय. पण तिला सांगू नकोस हं. कळलं तर तीही सोडून देईल."

मी तर सोडून दिलंच होतं.

काकू गेल्यावर दार लावून बसले. हात जोडले. आता काय मागायचं ते मात्र त्याने सांगितलं नव्हतं.