मार्ताचं देऊळ

बोलिव्हिया, १२ ऑगस्ट

लाडक्या वॉरेन,

मी मजेत आहे, असं मम्मीला सांग. इथल्या उंचीवर दम लागतो, पण आता सवय झाली. मरोळला सगळे बरे ना? मम्मीचे गुडघे कसे आहेत?

पुढचं फक्त तुला सांगते. टेकडीवर जुनं देऊळ असणार, हे मीच दोन वर्षं सांगत होते. आमच्या मोहिमेच्या सरांनी तिथलं उत्खनन माझ्याबरोबरच्या मार्ताला दिलं आणि मंगळवारी तिला देवळाचं अंगण सापडलं. सगळे तिला मिठ्या मारत होते. माझा नुसता जळफळाट झाला रे.

त्याच दुपारी टेकडीच्या पायथ्याशी मी खणत असलेल्या खड्ड्यात धुपाटण्याचा तुकडा निघाला. त्यावर इथल्या एका प्राचीन राज्याच्या तळ्याकाठच्या राजधानीतली नक्षी होती. ते राज्य सैन्य न पाठवता देवळं बांधत डोंगरात पसरलं, हे मार्ताचं म्हणणं त्याने पक्कं झालं असतं. मी तो नोंद न करता खिशात टाकला.

दोन दिवस तो खिशातच होता. शेवटी मार्तासमोर ठेवला आणि खरं सांगितलं.

ती एवढंच म्हणाली, "नेमका कुठे सापडला, यावर आता कोण विश्वास ठेवणार?"

तुकडा पुराव्यात धरला नाही. मला लाज वाटते, आणि तरी तिचा हेवा जात नाही.

रागावलास तरी लिही.

तुझी,
एलेन