दाराजवळची पिशवी

इंदिरा नगर, लखनौ
नोव्हेंबर २०१४

आदरणीय निगम मॅडम,

तुम्हाला न येणाऱ्या मराठीत लिहितेय, म्हणजे हे तुम्हाला पाठवायचा धीर मला होणार नाही.

दत्तक आलेली चंदा कपाट सोडून बालगृहाच्या पिशवीतच कपडे ठेवायची, दाराजवळ. बाल कल्याण समितीकडून तुम्ही घर बघायला येणार, म्हणून मी ती माळ्यावर लपवली. तुम्ही खाली काढायला लावलीत. "यहीं रहने दीजिए, एक दिन खुद कपड़े अलमारी में रखेगी." मला इतका राग आला, की तुमची तक्रार केली.

दीड वर्षानं तिनं आपणहून कपडे कपाटात लावले. आज तीच पिशवी घेऊन शाळेच्या सहलीला गेली. जिन्यातून ओरडली, "मम्मी, संडे को घर आ जाऊँगी!"

तक्रार मागे घेणारी,
विभा